भरती नसलेलं पाणी

प्रिय अहो आई,

"एवढं काय लिहायचं, फोन कर की!" असं तुम्ही म्हणाला असतात. कुठं करू फोन? म्हणून लिहितेय. येत्या शनिवारी तुमचं वर्षश्राद्ध. तिथीनं ते गुरुवारी येतं, पण सुट्टी बघून आम्ही शनिवारी करतोय, नाक मुरडू नका. मंदारला त्या दिवशी, जिथं तुमच्या अस्थी सोडल्या तिथंच जायचंय. त्यानं पांढरी शेवंतीसुद्धा सांगून ठेवलीय. आणि मला त्या जागी पाऊल ठेवायचं नाहीये. का, ते तुमच्या लेकाला ठाऊक नाही.

दोन गोष्टी मी त्याच्यापासून लपवल्यात. दोन्ही तुमच्याबद्दलच्या. त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून आधी तुमच्यासमोर उघडतेय. दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित तेव्हाच कळली असेल. दापोलीच्या शाळेत इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांचे चेहरे वाचलेत तुम्ही, माझा वाचला नसेल?

आत्ता मी गाडीत बसलेय. रॉटरडॅमपासून तासाभरावर, जिथं सगळी बेटं बांधांनी एकमेकांना जोडून टाकलीत, तिथल्या एका धरणावरच्या पार्किंगमध्ये. मंदारला सांगितलंय की ऑफिसला चाललेय. वारा एवढा आहे की उभी गाडी हलतेय, आणि तुमच्या नातीच्या, रेवाच्या वहीची पानं फाडून मी लिहितेय. अक्षराला लाल पेन लावू नका.

पहिली गोष्ट. आई, आम्ही तुम्हाला समुद्रात सोडलं नाही.

थांबा, नीट सांगते. आठवतंय, तुम्ही आल्यावर दुसऱ्याच रविवारी आपण इकडं आलो होतो? मंदार तुम्हाला बेटं दाखवायला निघाला, आणि तुम्ही सारख्या विचारत होतात, "अरे, बेट येणार कधी?" दोन बेटं मागं पडली तरी तुमचा विश्वास बसेना. तुमच्या लेखी बेट म्हणजे होडीनं जायचं. इथं एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना गाडीचा वेगही कमी होत नाही. सपाट जमीन, ओळीत झाडं, आणि बांधाच्या पलीकडं, आपल्या डोक्याच्याही वर, एका होडीचं शीड सरकत होतं. "अगं बाई! पाणी वर आणि गाई खाली!" तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. बांधावर चढून दोन्हीकडं बघितलंत आणि म्हणालात, "ही माणसं समुद्रालासुद्धा अपॉइंटमेंट घेऊन यायला लावतात." काय हसलो होतो आपण! मंदार ते अजूनही ऑफिसात सांगतो.

त्याच दिवशी ते दारांचं मोठं धरण बघितलं. या बेटापासून त्या बेटापर्यंत खांबच खांब, आणि खांबांच्या मध्ये लोखंडी दारं, सगळी वर उचललेली. वादळ आलं तरच ती खाली सोडतात. एरवी समुद्र आत येतो, बाहेर जातो. तुम्ही कठडा धरून खालचं पाणी बघत राहिलात. आंजर्ल्याच्या खाडीकाठी वाढलेल्या तुम्ही. तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगायच्या. आमच्या खिडकीतून नदी बघून तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात, "शलाका, ही नदी आत्ता उलटी वाहतेय गं." सात वर्षं राहतोय आम्ही त्या घरात. कुणाच्या लक्षात आलं होतं?

तिथं त्या कठड्यापाशी तुम्ही म्हणालात, "हे बरंय. दार आहे, पण उघडं आहे." आणि मग, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सहज, "माझं काही झालं तर अशाच ठिकाणी सोडा मला. पाणी जातं-येतं अशा. फोटो भिंतीवर अडकवू नका आणि मला कुठं कोंडू नका." मंदार चिडला. "आई, काहीतरीच काय बोलतेस!" मी मात्र मान डोलावली होती. त्यामुळं मी ऐकलंच नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तुम्ही गेल्यावर इथल्या नियमाप्रमाणं अस्थी महिनाभर दहनगृहाच्याच ताब्यात राहिल्या. आम्ही तिसरा दिवस, दहावा दिवस, सगळं समजावून झालं. समोरच्या बाई अगदी सभ्यपणे "हो, समजू शकते" म्हणत राहिल्या आणि तारीख तीच राहिली. लवकर मिळाव्यात म्हणून अर्ज करता येतो म्हणे, ते आम्हाला नंतर कुणीतरी सांगितलं. कोंडू नका म्हणालेली बाई महिनाभर एका डब्यात, एका कपाटात.

मग डिसेंबरातली ती दुपार. आधी आम्ही तुमच्या त्या उघड्या दारांपाशीच गेलो होतो, आई, एवढं तरी माझ्या बाजूनं धरा. पण वारा असा की उभं राहवेना. दापोलीहून गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांच्या मागं कुणीतरी कुकर लावलेला. मंत्रातला एक शब्द यायचा, दोन वाऱ्यात जायचे. मंदार फोन तोंडासमोर धरून ओरडत होता, "गुरुजी, परत म्हणा! परत!" आणि गुरुजी तिकडून, "यजमान, तुमचं तोंड दिसतंय पण आवाज नाही!" रेवा थंडीनं रडायला लागली. तेव्हा मीच म्हटलं, "आतल्या बाजूला एक शांत जागा आहे, वीस मिनिटांवर. वारा लागणार नाही, रेंजही येईल." आदल्या दिवशीच नकाशात बघून ठेवली होती. कामातली सवय, एक फसलं तर दुसरं तयार हवं. नकाशात ती जागा निळी होती. समुद्रही निळाच होता.

मंदारनं विचारलं होतं. "समुद्रच आहे ना गं हा?" मी खाली उतरले, बोट बुडवलं आणि चाखलं. खारट! काठाला शिंपले होते, डोक्यावर सीगल ओरडत होते, पाण्यात एक जेलीफिशसुद्धा होती. मी वर बघून म्हटलं, "समुद्रच आहे."

गुरुजींचा शब्दन् शब्द ऐकू आला. मंदार गमबूट घालून पाण्यात उतरला आणि त्यानं तुम्हाला सोडलं. रेवानं शेवंती टाकली. फुलं जागची हलली नाहीत, तिथंच काठापाशी डुलत राहिली, आणि अहो, आम्हाला ते बरं वाटलं! "आजीला जायचं नाहीये," रेवा म्हणाली, आणि मंदार किती दिवसांनी हसला. तुम्ही असतात तर काठाचे दगड बघूनच ओळखलं असतंत. भरतीचा ओला पट्टाच नव्हता त्यांच्यावर.

इथल्या शाळेत मुलांना वर्गासमोर उभं राहून एकेका विषयावर बोलावं लागतं. आमच्या रेवाबाईसाहेबांनी समुद्राचे बांध हा विषय घेतला. दोन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा नकाशा रंगवत होती. दोन निळे रंग. मी विचारलं, "दोन कशाला गं?"

"धिस इज सी, आई. अँड धिस वन इज अ लेक. इट वॉज सी, बट दे क्लोज्ड इट. बोथ साइड्स."

"पण तिथलं पाणी खारट असतं की!"

"स्टिल सॉल्टी. बट नो टाइड." मग माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "व्हेअर डिड वी पुट आजी? हिअर?" तिचं बोट फिक्या निळ्यावर होतं.

"नाही," मी म्हटलं. "बाहेर. मोठ्या समुद्रात."

"ओके," म्हणाली, आणि गडद निळ्यात पेन्सिलनं तिनं एक टिंब काढलं.

दहा वर्षांची आहे हो ती. तिला तरी खरं सांगायला काय झालं होतं मला? पण एकदा एकाला 'समुद्रच आहे' म्हटलं की मग दुसऱ्यालाही तेच सांगावं लागतं. तेव्हापासून मी घरात चोरासारखी वावरतेय. मंदार शनिवारचं काही बोलायला लागला की मला एकदम भांडी घासायची आठवण होते. काल तो म्हणाला, "दरवर्षी तिथंच जात जाऊ. आपली एक जागा झाली." मी "हं" म्हटलं. दरवर्षी!

आणि या दोन आठवड्यांत मला सारखा आपल्या घराचा दरवाजा आठवतोय. बाहेर पडलं की आपोआप लागतो तो. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, किल्ली बरोबर घ्या. तरी एकदा कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलात आणि दरवाजा लागला. सातव्या मजल्यावर, सगळ्यांच्या दारांपुढून जाणाऱ्या त्या उघड्या गॅलरीत, पायात नुसते मोजे, अंगावर घरातली साडी, दोन तास! मी आले तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते. "शेजारची बेल का नाही वाजवलीत?" मी खेकसलेच तुमच्यावर. "कुणाला कशाला त्रास," म्हणालात. त्यानंतर तुम्ही कचरा टाकायलासुद्धा दार उघडलं नाहीत. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि नदी उलटी कधी फिरते ते बघायच्या. मला वाटायचं, बरं झालं, आता काळजी नाही.

असो. आज मी बघायला आले की हे पाणी खरंच सगळीकडून बंद आहे का. आशा वेडी असते म्हणा. नकाशात बारीक अक्षरात एका ठिकाणी धरणाला झडप असल्यासारखं काहीतरी दिसलं होतं. म्हणून इथं आले. रस्त्याच्या उजव्या हाताला खरा समुद्र आहे, लाटा दगडांवर आपटून काचेपर्यंत फवारा येतोय. डाव्या हाताला तुम्ही. इकडं एक सुरकुती नाही. मध्ये फक्त एक रस्ता, आई! चालत पार करायला दोन मिनिटं लागत नाहीत. मी इकडून तिकडं चारदा गेले.

झडप सापडली. रस्त्याच्या खालून पाणी घुसळत आत येत होतं, फेस फेस. तिथं एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते, शेजारी थर्मास. माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं, हे पाणी परत बाहेर जातं का? म्हणाले, जातं ना, भरतीला आत, ओहोटीला बाहेर. मी घाईनं विचारलं, म्हणजे बंद नाही? "बंदच आहे," ते म्हणाले, "फक्त पूर्ण बंद नाही."

मी विचारलं, खूप आत, तिकडं पलीकडच्या काठाला काही सोडलं असेल, तर ते इथून बाहेर पडेल?

"काय सोडलंय?"

"माझी सासू."

बिचाऱ्यांच्या हातातला गळच थांबला. मग मी अस्थी, राख, हिंदू, जे जे शब्द येत होते ते सगळे बोलले. त्यांनी टोपी काढली, माझं सांत्वन केलं, आणि मग खरोखर विचार करायला लागले. आपल्याकडचा कुणी काका असता तर लगेच म्हणाला असता, "अहो ताई, त्या कधीच्या पोचल्या अरबी समुद्रात! निश्चिंत राहा." हे डच लोक, विचारलं की खरं सांगतात. म्हणाले, "वरचं पाणी हलतं. खालचं फारसं हलत नाही. तुमच्या सासूबाई वर राहिल्या असतील तर गेल्या असतील. तळाशी बसल्या असतील तर..." आणि पुढं खांदे उडवले. मी त्यांच्याशेजारी दगडावर बसून रडले. त्यांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली आणि गळ पुन्हा पाण्यात टाकला.

गाडीत येऊन बसल्यावर पहिला विचार काय आला सांगू? शरम वाटते. मनात आलं, झालं काम! मंदारला एवढंच सांगायचं, झडप आहे, पाणी जातं-येतं, आई मोकळी झाली. अर्धं खरं. शनिवारी इथंच आणायचं त्याला, फेस दाखवायचा, आणि प्रकरण मिटवायचं. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवली. आणि तेव्हाच मला ती दुसरी गोष्ट आठवली, कारण ते वाक्यही मी असंच पटकन जुळवलं होतं.

आमच्यासारख्यांची एक ठरलेली पद्धत आहे, तुम्हाला माहीतच आहे. तीन महिने सासूबाई, मग तीन महिने आई. नव्वद दिवसांचा व्हिसा संपला की एक आजी विमानतळावरून जाते, दुसरी येते, आणि शाळा सुटल्यावर नात घरी एकटी राहत नाही. तुमच्यानंतर माझी आई येणार होती आणि तिच्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलं होतं. शाळेनंतरच्या पाळणाघरात वेटिंग लिस्ट. नोव्हेंबरात माझ्या प्रोजेक्टचं सगळ्यात मोठं काम. अशात एका दुपारी तुम्ही चकलीची भाजणी मळत होतात, आणि म्हणालात, "शलाका, दिवाळीला मला घरी जाऊ देशील का गं? दारात रांगोळी घालीन म्हणते."

जाऊ देशील का! तुमचं घर, तुमचं तिकीट, आणि परवानगी माझी.

मी म्हटलं, "बघते हं, तिकीट बदलता येतंय का." तुमच्यासमोरच लॅपटॉप उघडला. येत होतं, आई. मंगळवारची जागा होती, खिडकीजवळची. नुसतं बटण दाबायचं होतं. मी स्क्रीन माझ्याकडं वळवून म्हटलं, "नाही हो, हे तिकीट बदलता येत नाही म्हणे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. हात पिठाचे होते. "बरं," म्हणालात. "मंदारला नको काही बोलूस. त्याला उगाच लागून राहील." आणि चकल्या पाडायला लागलात. धुराचा अलार्म वाजला, रेवानं टॉवेल हलवून बंद केला, सगळे हसलो. मीसुद्धा.

दिवाळीनंतर बाराव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तुम्ही खिडकीपाशी खुर्चीत होतात, चष्मा डोळ्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. कुठंही असत्या तरी झालं असतं. मंदार ते धरून बसलाय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "निदान शेवटी आमच्याजवळ होती. तिला आमच्याजवळच राहायचं होतं." हे वाक्य सुरू झालं की मी स्वयंपाकघरात जाते. वर्ष झालं, मी स्वयंपाकघरात जातेय.

तुम्ही का नाही भांडलात माझ्याशी? "दाखव बघू तो लॅपटॉप" असं का नाही म्हणालात? वर्गातल्या पोराला सोडलं असतंत का असं? मंदारला एक शब्द टाकला असतात तर त्यानं दुसऱ्या दिवशी तुम्हाला विमानात बसवलं असतं. कुणाला कशाला त्रास, कुणाला कशाला त्रास! तुमचा राग येतो मला, आई. आणि मग तो फिरून माझ्यावरच येतो, कारण तुम्ही गप्प बसाल हे मला पक्कं माहीत होतं. त्या भरवशावरच तर मी खोटं बोलले.

दोनदा कोंडलं मी तुम्हाला. तळ्याच्या बाबतीत मला अक्कल नव्हती. तिकिटाच्या बाबतीत होती.

माफ करा असं लिहून पत्र संपवायचं ठरवून आले होते. पण तुमच्याकडून माफी मिळवणं फार सोपं आहे, तुम्ही "बरं" म्हणाल. तेव्हा माफी नको, वचन घ्या. माझी आई पुढच्या महिन्यात येतेय. तिला कधी परत जायचंय ते मी तिला दर पंधरा दिवसांनी, मंदारसमोर विचारीन, आणि ती म्हणेल त्या दिवशी तिला पोचवीन, माझं काम बुडालं तरी. रेवाला मी आज संध्याकाळी तो नकाशा बाहेर काढायला लावणार आहे, आणि ते टिंब फिक्या निळ्यात हलवायला.

आणि मंदारला आजच सांगणार आहे, शनिवारपर्यंत थांबणार नाही. मी पोचेन तेव्हा तो रेवाला पोहायला सोडून आलेला असेल, घरात आम्ही दोघंच असू. पण आधी तिकिटाचं सांगेन आणि तळ्याचं मागून. तळ्याचं आधी सांगितलं तर तो मला जवळ घेईल. "अगं, तुला काय माहीत होतं, चूक झाली," म्हणेल. तुमचाच मुलगा आहे तो. आणि त्यानं एकदा जवळ घेतलं, आई, की दुसरं मी जन्मात सांगणार नाही.

तुमची,
शलाका